विश्लेषण : परदेशात स्वयंसेवा करताना यजमानाच्या परातीत का जेवायचे?

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलमध्ये दुपारच्या जेवणाच्या वेळी एखाद्या घरावरून गेले की आतून हाक येते, ‘काय लेक!’ मराठी कानाला हा प्रश्न वाटेल, पण वोलोफ भाषेत त्याचा अर्थ ‘या, जेवा’ असा होतो. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ योजनेतून तिथे दोन वर्षे राहायला जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या कामाची सुरुवात बहुधा या हाकेपासूनच होते. एकत्र जेवणे हा त्यांच्या कामाचाच भाग का मानला जातो आणि त्यात पाहुण्याने कोणते भान ठेवावे लागते, याविषयी.

पीस कोअर म्हणजे काय?

राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी ही योजना सुरू केली. सेनेगलमध्ये पहिले स्वयंसेवक १९६३ मध्ये पोहोचले. शेती, आरोग्य, वृक्षलागवड अशा क्षेत्रांत ते काम करतात. साधारण तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर दोन वर्षांची सेवा, असे तिचे स्वरूप असते. योजनेची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, गरज असलेल्या देशांना प्रशिक्षित मनुष्यबळ देणे. दुसरे, तिथल्या लोकांना अमेरिकी माणसांची ओळख होणे. तिसरे, अमेरिकी लोकांना त्या समाजांची ओळख होणे. म्हणजे तीनपैकी दोन उद्दिष्टे परस्परांना समजून घेण्याविषयी आहेत. म्हणूनच प्रशिक्षणाच्या काळात स्वयंसेवकाला स्थानिक कुटुंबात ठेवले जाते.

परातीत काय असते?

दुपारचे ठरलेले जेवण म्हणजे ‘चेबू जेन’. वोलोफमध्ये ‘चेब’ म्हणजे भात आणि ‘जेन’ म्हणजे मासा. लसूण, मिरची आणि कोथिंबिरीसारख्या पाल्याचे वाटण भरलेला मासा, कोबी, गाजर, वांगे, कसावा आणि टोमॅटोच्या रश्श्यात शिजलेली तांदळाची कणी असा हा पदार्थ. कणीमागे इतिहास आहे. फ्रेंच राजवटीत सेनेगलमध्ये भुईमूग हे नगदी पीक वाढवले गेले आणि खाण्यासाठी इंडोचायनातून स्वस्त कणी आणली गेली. तीच लोकांच्या आवडीची झाली. युनेस्कोने २०२१ मध्ये ‘चेबू जेन’चा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. भांड्याच्या बुडाला लागलेल्या खरवडीला तिथेही मान असतो. ती खरवडून भातावर वाढतात.

एकत्र जेवण्याचे नियम कोणते?

परातीएवढे भांडे चटईवर मध्ये ठेवून सगळे भोवती बसतात. हात धुवून, उजव्या हाताने जेवायचे. पाहुण्याला चमचाही मिळतो. प्रत्येकाने आपल्या समोरच्या भागातलेच खायचे, दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही. मासा आणि भाज्या मध्यभागी असतात. घरातील बाई त्याचे तुकडे करून एकेकाच्या पुढे सरकवते आणि पाहुण्याच्या पुढे जरा जास्तच येतात. पोट भरले की ‘सूर ना’ म्हणजे ‘पोट भरले’ असे सांगून उठायचे. मागे बसलेल्यांसाठी जागा आणि भात दोन्ही उरतात. हे नियम कुणी शिकवत नाही, शेजारच्याकडे पाहूनच ते कळतात.

याचा कामाशी काय संबंध?

नवखा स्वयंसेवक गावात येतो तेव्हा त्याची भाषा कच्ची असते. कुणाची विहीर आटली, कुणाचे मूल तापाने फणफणले, कुणी यंदा बियाणे विकून खाल्ले, हे त्याला बैठकीत कुणी सांगत नाही. ते जेवताना आणि त्यानंतरच्या ‘अत्ताया’ चहाच्या वेळी कानावर पडते. हिरव्या चहाची पत्ती, पुदिना आणि भरपूर साखर घालून कोळशाच्या शेगडीवर हा चहा होतो. छोट्या पेल्यांत उंचावरून ओतून त्यावर फेस आणतात. तो तीन फेऱ्यांत देतात. पहिली फेरी कडवट, तिसरी गोड. यात तास-दीड तास सहज जातो. घाईच्या माणसाला हा वेळ वाया गेलेला वाटेल. मात्र नवे बी लावून पाहा, असे सांगणाऱ्यावर शेतकऱ्याने विश्वास ठेवावा, तर त्याने आधी या चटईवर बसलेले असावे लागते. मदत करायला आलेला माणूस इथे रोज यजमानाचे घेत असतो. त्यामुळे देणारा आणि घेणारा यांच्यातले अंतर कमी होते.

मग अडचण कुठे आहे?

परातीतला भात कुणाच्या तरी वाट्याचा असतो. सेनेगलच्या ग्रामीण भागात पावसाळ्याचे महिने ओढाताणीचे असतात. मागच्या हंगामातील बाजरी संपत आलेली असते, नवे पीक हाती आलेले नसते आणि शेतातले काम मात्र सर्वांत जास्त असते. त्या दिवसांतही पाहुण्यापुढचा माशाचा तुकडा कमी होत नाही. तो घरातल्या बायकांच्या किंवा मुलांच्या वाट्यातून येतो. म्हणून तांदूळ, तेल, साखर किंवा चहा आणणे आणि घरखर्चाला नेमाने हातभार लावणे हे पाहुण्याचे कर्तव्य ठरते. वडीलधाऱ्यांना कोला बिया देण्याची रीतही जुनी आहे. पैसे जेवणाच्या जागी पुढे केले तर यजमानाला ते लागते. घरातल्या कर्त्या बाईकडे शांतपणे दिलेले चालतात. आठवडा-दोन आठवड्यांसाठी येणाऱ्या हौशी स्वयंसेवकाला हा हिशेब कळायच्या आतच परतायची वेळ होते.

नको असेल तर काय करावे?

पूर्ण नकार हा अपमान समजला जातो. शाकाहारी माणूस परातीतला भात आणि भाज्या घेऊ शकतो, पण भात माशाच्या रश्श्यात शिजलेला असतो. त्यामुळे हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगणे बरे. पाण्याबाबत मात्र भीड नको. गाळलेले किंवा उकळलेले पाणी सोबत ठेवल्याचे कुणाला वावगे वाटत नाही. भूक नसेल तर दोन घास घेऊन ‘सूर ना’ म्हणता येते.

सणावारांचे काय?

सेनेगलमध्ये बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत. बकरी ईदला, म्हणजे तिथल्या ‘तबास्की’ला, मटणाचे वाटे ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही जातात. ईस्टरच्या सुमारास ख्रिस्ती घरांतून ‘नगालाख’ मुस्लिम घरांत पोहोचते. बाजरी, शेंगदाण्याचे वाटण, साखर आणि गोरखचिंचेचा गर यांचे हे गोड मिश्रण असते. स्वयंसेवक कोणत्याही धर्माचा असो, या देवाणघेवाणीत त्याचाही डबा असतो.

महाराष्ट्राशी संबंध काय?

पीस कोअरचे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात भारतातही होते. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, परिचारिका म्हणून मुंबईत विक्रोळीला आल्या. तिथून घरी लिहिलेली त्यांची पत्रे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पीस कोअर केवळ अमेरिकी नागरिकांसाठी आहे. भारतीयांना ‘संयुक्त राष्ट्रे स्वयंसेवक’ कार्यक्रमातून परदेशी जाता येते. तिथे निवड शिक्षण आणि अनुभवावर होते. उजव्या हाताने, मांडी घालून, चटईवर जेवण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला सेनेगलच्या परातीभोवती बसणे अवघड जाणार नाही. आपल्या समोरचेच खाणे आणि वेळेवर उठणे, एवढे मात्र शिकावे लागेल.