शनिवारपर्यंत गाडी हवी

सकाळी 7:10
शटर वर जातं. गाव फर्नडेल, मिशिगन. डेट्रॉइटला उत्तरेकडून चिकटलेलं. ऑगस्टचा तिसरा शनिवार दोन दिवसांवर आलाय. त्या दिवशी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, 1995 मध्ये सुरू झालेला. मैलोगणती गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. गॅरेजमधल्या मस्टँगच्या मालकाला तिथे जायचंय. त्याच्या तक्रारी तीन: गर्दीत गाडी गरम होते, गरम झाली की बंद पडते, आणि ब्रेक मारला की डावीकडे ओढते.

दाराच्या कडेला नंबराची पट्टी आहे. सुरुवात 5एफ07सी. म्हणजे 1965 चं मॉडेल, डिअरबॉर्नच्या कारखान्यातली, हार्डटॉप, 289 घनइंचांचं व्ही-8 इंजिन. डिअरबॉर्न इथून फार तर अर्ध्या तासावर. 17 एप्रिल 1964 ला मस्टँग बाजारात आली, तेव्हा सहा सिलिंडरची साधी गाडी 2,368 डॉलरला मिळायची.

7:25
रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता. मिस्त्री तो ओढून उजेडात धरतात. पुढे हिरवा डाग, तळहाताएवढा. ते कूलंट, वॉटर पंपातून आलेलं. मधे तपकिरी, इंजिनाच्या मागच्या सीलमधून. त्यामागे लाल थेंब, गिअरबॉक्सचं तेल.

“हिरवं आज. लाल-तपकिरी राहू दे.”

मागचं सील बदलायचं तर खालून बरंच काही उतरवावं लागतं. त्यापेक्षा अधूनमधून तेल ओतणं स्वस्त. मिस्त्री हे मालकाला स्पष्ट सांगतात. गिऱ्हाइकाला नको ते काम न सांगणं हीसुद्धा कारागिरीच, असं मला वाटतं.

7:50
मदतनीस पोरगा पुढच्या काचेखालच्या जाळीत बाटलीभर पाणी ओततो. मिस्त्री आत डॅशबोर्डखाली डोकं घालून बॅटरी मारतात. दहा सेकंदांत पाणी पायाशी ठिबकायला लागतं. या मस्टँगचं हे जुनं दुखणं. जाळीखाली पन्हळीसारखी पोकळी असते, त्यात पाला साचतो, पत्रा कुजतो आणि पाणी गालिच्यावर येतं. मग खालचा पत्राही जातो. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे खालूनही गंज चढतो.

हे दुरुस्त करायचं तर वेल्डिंगचे टाके एकेक ड्रिल करून पत्रा उचकटायचा. कित्येक दिवसांचं काम, खर्च हजारांत. मिस्त्री वहीत लिहितात: गळती, हिवाळ्यात बघू.

8:30
डिस्ट्रिब्युटरचं झाकण निघतं. पॉइंट काळे पडलेत, एका बाजूला फोड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा. नवे पॉइंट आणि कंडेन्सर, 28 डॉलर. फिलर गेजची पाती उलगडतात, त्यातली सतरा थाऊची, म्हणजे इंचाच्या सतरा हजारांश जाडीची, निवडतात. पाती पॉइंटमध्ये सरकवली की अगदी किंचित अडली पाहिजे. स्क्रू आवळला की फट बदलते. पुन्हा सैल, पुन्हा आवळ. चौथ्या वेळी जमतं. फिरणाऱ्या कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवता येतं. मालकाला मूळ तेच हवंय. मिस्त्री वाद घालत नाहीत.

9:40
कार्बोरेटर बाकावर येतो. तळाशी तपकिरी चिकटा आणि पांढरी भुकटी. आजच्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, इथेनॉल पाणी ओढतं, धातू खराब होतो. 1965 चं रबर या पेट्रोलसाठी बनलेलंच नव्हतं. पेट्रोलची नळी पोरगा बोटांनी दाबतो तर तिला भेगा पडतात. नवी नळी 9 डॉलर. ही 9 डॉलरची नळी गरम इंजिनावर फुटली तर गाडीच पेटते.

जेट, सुई, फ्लोट, गॅस्केट. सगळं ट्रेमध्ये, काढलं त्याच क्रमाने. किट 42 डॉलर.

दुपारी 12:15
डबे उघडतात. मस्टँगचं बरं असतं, जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नव्याने बनतो. कोपऱ्यातली रॅम्बलर मात्र एका रबराच्या पट्टीसाठी अडून बसली आहे. पोरगा तासाला 20 डॉलर कमावतो. स्वतःचे पाने तो स्वतः विकत घेतो, दर पगाराला थोडे थोडे.

12:45
चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढचा उजवा ड्रम निघत नाही. हातोडीचा हलका ठोका, फिरव, पुन्हा ठोका. निघतो. आतली धूळ हवेने उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून पिशवीत. व्हील सिलिंडर जाम झालाय. उजवा ब्रेक लागतच नव्हता, म्हणून गाडी डावीकडे जायची.

पुढचे दोन्ही सिलिंडर, लायनर, दोन्ही होज. मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, मागच्या उजव्या.

“दाब.”
“दाबलं.”
“धर.”
बुडबुडे येतात.
“सोड.”

असं बराच वेळ.

2:30
वॉटर पंप. या इंजिनात पंपाचे काही लांब बोल्ट ॲल्युमिनियमच्या कव्हरमधून आरपार जाऊन लोखंडी ब्लॉकमध्ये बसतात. साठ वर्षं कूलंट त्यांच्याभोवती झिरपतंय. पहिले सुटतात. एक नाही.

मिस्त्री पाना लावतात, दाब देतात आणि थांबतात. बोल्ट फिरतोय असं वाटतं, पण तो फिरत नसतो, पिळला जात असतो. अजून जोर लावला तर आत तुटेल. मग रेडिएटर काढा, जमलं तर ड्रिल करा, कव्हर फुटलं तर नवं आणा. दिवसाचं काम आठवड्यावर जातं.

गंज सोडवणारं तेल मारतात. गॅसच्या टॉर्चने भोवतीचं कव्हर तापवतात, बोल्ट नाही. पुन्हा तेल. वाट बघतात. पाना आधी आवळायच्या दिशेला केसभर, मग सोडायच्या. पुन्हा आवळ, पुन्हा सोड. कपाळावरचा घाम बाहीने पुसतात. पोरगा काही विचारत नाही, फक्त बघतो.

3:40
कट्‌ असा आवाज. बोल्ट अख्खा बाहेर. मधोमध खाल्लेला, पेन्सिलीपेक्षा बारीक झालेला. मिस्त्री तो पोराच्या हातात देतात. “ठेव. गिऱ्हाइकाला दाखवायला.”

थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टाकून शेगडीवर ठेवतात, सोबत थर्मामीटर. 180 फॅरनहाइटला उघडायला हवा. पाणी उकळतं तरी जुना अर्धाच उघडतो. नवा बरोबर उघडतो. आता बसवायचा.

5:20
सेल्फ मारतात. इंजिन दोनदा खोकतं आणि लागतं. टायमिंग लाइट पुलीवर. सहा अंशांवर खूण स्थिर होते, डिस्ट्रिब्युटर आवळला. तेलात झिंकची बाटली, कारण जुन्या कॅमला ते लागतं. मग गाडी अर्धा तास उभ्या उभ्या चालू. पंखा पट्ट्यावर फिरतो, इंजिन हळू तर वाराही कमी. वुडवर्डवर हेच होणार आहे. काटा मध्यावर जातो आणि तिथेच राहतो.

6:05
बिल. सुटे भाग 350 डॉलर, त्यावर सहा टक्के कर 21. मजुरी साडेसात तास, तासाला 110 प्रमाणे 825. एकूण 1,196.

अडकलेल्या बोल्टाचा तास बिलात नाही. “पंपाचे दोन तास सांगितले होते, दोनच घेणार,” मिस्त्री म्हणतात.

6:20
मालक येतो. बोल्ट हातात घेऊन उलटसुलट बघतो. बिलाबद्दल काही बोलत नाही. मिस्त्री त्याला बॉनेटखाली नेतात आणि मास्टर सिलिंडरवर बोट ठेवतात.

“हा एकच कप्पा आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. 67 पासून कंपनीने दोन कप्प्यांचा दिला. तो बसवा.”

“किती?”

“भाग 220 च्या आसपास. मजुरी तीन तास.”

मालक मनात हिशेब करतो. गालिचा ओला राहिला तरी चालेल, म्हणतो, पण शनिवारी नातवंडं मागे बसणार आहेत. “उद्या होईल?”

मिस्त्री घड्याळाकडे बघतात. पोराने आधीच पार्ट्सच्या दुकानाला फोन लावलाय.