ओकचे पिंप आणि वाइनची चव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ओकच्या पिंपात आंबवलेल्या वाइनला लाकडाचा वास अधिक येतो, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात घडते उलट. शार्डोने द्राक्षाचा अर्धा रस नव्या ओक पिंपात आंबवला आणि उरलेला अर्धा स्टीलच्या टाकीत आंबवून मग तशाच पिंपात मुरवला, तर लाकूड ठळक जाणवते ते दुसऱ्या वाइनमध्ये. तिचा रंगही सहसा गडद असतो. हा फरक यीस्टमुळे पडतो. किण्वन चालू असताना जिवंत यीस्ट ओकमधून उतरणाऱ्या व्हॅनिलिनचे व्हॅनिलिल अल्कोहोल करते, आणि त्याचा वास फारच मंद असतो. शेकलेल्या लाकडातून येणाऱ्या फरफ्युरॉलचेही असेच रूपांतर होते. पुढे मेलेले यीस्ट तळाशी बसते आणि हा गाळ लाकडातली टॅनिन व रंगद्रव्ये काही प्रमाणात शोषून घेतो. वाइन तयार झाल्यावर ती पिंपात भरली, तर यीस्टचे हे काम तिच्या वाट्याला येतच नाही.

पिंपात किण्वन कसे चालते हे पाहिले की बाकीचे उलगडते. बोर्डो पद्धतीचे पिंप २२५ लिटरचे, म्हणजे ३०० बाटल्यांचे असते. आंबताना फेस वर चढतो, म्हणून ते काठोकाठ भरत नाहीत. वर मोकळी जागा ठेवतात. फेस ओसरला, साखर संपली की त्याच वाइनने पिंप बुचापर्यंत भरून घेतात. त्यानंतर काही महिने, बुचाच्या भोकातून वाकडी दांडी घालून तळाचा गाळ अधूनमधून ढवळला जातो. यीस्टच्या पेशी फुटून त्यांतली मॅनोप्रोटीन वाइनमध्ये उतरतात आणि तिला जिभेवर जाणवणारा गुळगुळीत भरीवपणा येतो. या भरीवपणाचे श्रेय नेहमी ओकला दिले जाते. त्यातला मोठा वाटा गाळाचा आहे.

लोण्यासारख्या वासाचे श्रेयही असेच चुकीच्या जागी जाते. तो येतो डायअसिटिलपासून. मुख्य किण्वनानंतर जिवाणू वाइनमधल्या आंबट मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करतात, तेव्हा हा पदार्थ तयार होतो. ही क्रिया पिंपात होते तशीच स्टीलच्या टाकीतही होते.

रेड वाइनही पिंपातच आंबवतात, ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. रेड वाइनचा रस सालींसकट आंबवावा लागतो, आणि बुचाच्या लहानशा भोकातून साली घालणे-काढणे शक्य नसते. काही वायनऱ्या पिंपाचे एक तोंड काढून तसे करतातही, पण ते अपवादात्मक. एरवी रेड टाकीत आंबते आणि नंतर पिंपात मुरते.

व्हॅनिला, लवंग, खोबरे हे वास अर्क घालून आणलेले नसतात. ते लाकडातच असतात किंवा लाकूड शेकताना तयार होतात. पिंपाच्या फळ्या दोन-तीन वर्षे उघड्यावर ऊन-पावसात ठेवल्या जातात. नंतर पिंप बांधताना ते आगीवर शेकतात, तेव्हा लिग्निनपासून व्हॅनिलिन आणि हेमिसेल्युलोजपासून फरफ्युरॉल बनते. लवंगेला जो वास युजेनॉलमुळे येतो, तेच युजेनॉल ओकमध्येही असते. ओल्या खोबऱ्याची आठवण करून देणारे लॅक्टोन अमेरिकी ओकमध्ये अधिक, फ्रेंच ओकमध्ये कमी. ओकचा तुरटपणा एलॅजिटॅनिन या गटाचा आहे, आणि डाळिंबाची साल तुरट लागते तीही याच गटामुळे.

जुने पिंप निकामी, हाही गैरसमज. तीन-चार हंगामांनंतर त्याची चव देण्याची ताकद बरीच ओसरते, पण फळ्यांच्या सांध्यांतून आणि बुचाजवळून अगदी थोडी हवा आत येत राहते. हा सावकाश मिळणारा ऑक्सिजन रेड वाइनचा रंग स्थिर करतो आणि टॅनिनची धार बोथट करतो. द्राक्षाचा मूळ स्वाद झाकू नये असे ज्याला वाटते, तो वाइनकार मुद्दाम जुने पिंप निवडतो. अट एकच, पिंप स्वच्छ हवे. ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट लाकडात घर करून बसले, तर वाइनला तबेल्यासारखा वास येतो आणि ते पिंप पुन्हा भरवशाचे करणे अवघड असते.

ओक म्हणजे उच्च प्रत आणि स्टील म्हणजे स्वस्त माल, या समजुतीने वाइनचे सर्वाधिक नुकसान केले आहे. ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील जगभर वाइनच्या टाक्यांसाठी वापरले जाते. टाकीभोवतीच्या आवरणातून थंड ग्लायकॉल फिरवून व्हाइट वाइनचे किण्वन १२ ते १६ अंशांवर राखता येते, त्यामुळे फळाचा ताजा गंध टिकतो. लाकडी पिंपाला अशी पकड नसते. त्यात तापमान २० अंशांच्या पुढे सहज जाते. सॉव्हिन्यों ब्लांसारख्या गंधप्रधान द्राक्षाला म्हणूनच स्टील अधिक मानवते. नाशिकच्या सुला विनयार्ड्सने २००० साली पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यांत सॉव्हिन्यों ब्लां होती. त्याआधी, १९८०च्या दशकात, नारायणगावात शामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने फेसाळ वाइन बनवून परदेशी पाठवली. तिचे वैशिष्ट्य ओकमध्ये नव्हे, बाटलीतल्या दुसऱ्या किण्वनात होते.

महाराष्ट्रात ओकचा वापर मर्यादित राहण्यामागे हवामान आणि खर्च ही दोन कारणे आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, म्हणजे नवी वाइन पिंपात जाते तोवर उन्हाळा दाराशी येतो. पिंपांची खोली यंत्राने थंड आणि दमट ठेवावी लागते. तरीही दरवर्षी साधारण २ ते ५ टक्के वाइन उडून जाते आणि पिंप वरचेवर भरत राहावे लागते. पिंपही आयात करावे लागते. त्यामुळे सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ किंवा अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते अशा निवडक, वरच्या किमतीच्या वाइनसाठीच ओक राखला जातो.

लेबल वाचताना ‘बॅरल एज्ड’ आणि ‘बॅरल फर्मेंटेड’ हे शब्द एकच समजू नयेत. पहिल्याचा अर्थ तयार वाइन पिंपात मुरवली, दुसऱ्याचा अर्थ रस पिंपातच आंबला. व्हाइट वाइनमध्ये लाकूड सौम्य आणि पोत भरीव हवा असेल, तर दुसरे लेबल निवडावे.