तीन अधिक दोन

भाचीने जेवताना सांगितलं, गणिताच्या बाई अमेरिकेला चालल्यात, ॲरिझोनाला. त्यांच्या जागी कोण येणार ते कुणालाच ठाऊक नाही. तिकडच्या सरकारी शाळेत शिक्षक मिळत नाही म्हणून नाशिकमधला एक वर्ग बाईंविना राहणार, हे काही केल्या मनातून जाईना. बाईंना फोन केला, तर म्हणाल्या, "शनिवारी तयारीचा वर्ग असतो, या की."

औषधाच्या दुकानावरची खोली. सहा खुर्च्या, एक पांढरा फळा, बंद खिडक्या आणि मार्करचा स्पिरिटसारखा उग्र वास. शिकवणारे सर स्वतः तिकडे पाच वर्षं काढून परतलेले. फळ्यावर त्यांनी आधी लिहिलं: ३ + २.

शिक्षकांना नेतात तो जे-वन व्हिसा. तीन वर्षांचा, फार तर आणखी दोन वाढवून मिळतात, मग परत. याच व्हिसावर पुन्हा शिकवायला जायचं, तर आधी दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात. कागदोपत्री ही सांस्कृतिक देवाणघेवाण. प्रत्यक्षात गणित, विज्ञान आणि विशेष मुलांच्या वर्गांना तिथे माणूस मिळत नाही, ही खरी निकड. "एच-वन-बीच्या नव्या अर्जाला सप्टेंबर २०२५ पासून एक लाख डॉलर," सर म्हणाले, "कुठली शाळा भरेल एवढे? म्हणून तीन अधिक दोन."

पदवीचं मूल्यांकन, किमान दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला, मुलाखत, मग मुंबईला वकिलातीत: ही वाट सगळ्यांची सारखीच. बाईंनी त्यासाठी शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढलंय. तीन वर्षं हा आकडा त्यांना नवा नाही. शिक्षणसेवक म्हणून लागल्या तेव्हा महिना ८,००० रुपये मानधनावर त्यांनी तीनच वर्षं काढली होती. जानेवारी २०२३ पासून माध्यमिकला १८,००० झालं, तोवर त्या कायम होऊन गेल्या होत्या. तिकडे पहिल्या महिन्यापासून तिथल्या शिक्षकांच्या बरोबरीचा पगार. त्या जातात म्हणून त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

मग नमुना पाठ झाला. विषय अपूर्णांक. बाईंनी कागदाची भाकरी कापली, चतकोर काढून समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे धरला आणि खुर्चीला विचारलं, "तुझ्याकडे किती आली?" उत्तराला लागतो तेवढा वेळ त्या थांबल्या. खुर्चीत खरंच कुणी बसलंय असं मला वाटलं.

सरांनी मुलाखतीतला प्रश्न टाकला: मुलगा तास चालू असताना उठून निघून गेला, तर काय कराल?

"संध्याकाळी त्याच्या घरी जाईन," बाई लगेच म्हणाल्या.

"मॅडम, हे बोलायचं नाही." सरांचा आवाज मऊ होता. "आधी ऑफिसला कळवायचं, मग समुपदेशकाला, मग पालकांना ईमेल. नोंद ठेवायची." बाईंनी वहीत चारही पायऱ्या उतरवून घेतल्या आणि तीनदा म्हणून दाखवल्या. सरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पाच वर्षं तिथे काढलेला माणूस तो. पण ज्या गुणासाठी बाईंना न्यावं, तोच इथे खोडायला शिकवतात असं मला वाटलं, आणि अजून वाटतं.

मुलाखत मंगळवारी रात्री साडेआठला. ॲरिझोनात तेव्हा सकाळचे आठ. मी बाजूच्या खोलीत बसले होते. तो प्रश्न आलाच, आणि बाईंनी ऑफिस, समुपदेशक, ईमेल, नोंद असं न अडखळता सांगितलं. पलीकडून कौतुकाचा आवाज आला. पंचवीस मिनिटांत संपलं. तीन अधिक दोनचा पहिला उंबरा बहुतेक ओलांडला.

मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडायला निघाले. पंचवटीच्या अलीकडे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इथे जरा थांबाल? नववीतला एक मुलगा चार दिवस आला नाहीये. आई धुणीभांडी करते, आत्ताच भेटते."

गल्लीत दिवा नव्हता. बाईंनी फोनचा उजेड केला आणि आत गेल्या.