उद्यांच्या जमिनीचा नकाशा

पुण्याच्या वरच्या अंगास मुळा-मुठेचें जें पाणलोट क्षेत्र आहे, तेथें १९८९ ते २००९ या वीस वर्षांत वस्तीखालील जमीन शेंकडा ५.१ वरून १०.१ वर गेली, असें पॉल वाग्नर प्रभृति संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. आणखी वीस वर्षांनीं कोणतें रान उरेल व कोणत्या टेकडीवर घरें चढतील, हें आज सांगतां येईल काय?

एक रीत रशियन गणिती मार्कोव्ह यांच्या संभाव्यतेच्या गणितावर उभी आहे. दोन वेळचे नकाशे ताडून किती रानाचें शेत व किती शेताचें घर झालें तें मोजावयाचें, आणि तेंच प्रमाण पुढें चालवावयाचें. बदल नेमका कोठें पडेल, हें उतार, रस्त्याचें अंतर व शेजारची वस्ती यांवरून ठरवितात.

येथवर सारें सरळ. खरी मेख परीक्षेंत आहे. जमिनीचा दहावा हिस्साच बदलला असेल, तर ‘कांहींच बदलणार नाहीं’ असें सांगणारा नकाशाही शेंकडा नव्वद खरा! म्हणून पॉन्टियस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बदललेल्या तुकड्यांकडेच लक्ष दिलें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तपासणींत तेरांपैकीं बारा नकाशांत, मूळ बारीक चौकडींनीं पाहतां, बरोबर ओळखलेल्या बदलापेक्षां चुकाच अधिक निघाल्या.

पुण्याच्या नळाचें पाणी पानशेत-वरसगांवच्या डोंगरांतून येतें. तेथें घरें कोणत्या उतारावर चढतात, यावर पाऊस मुरणार कीं वाहून जाणार हें अवलंबून असतें. आणि उद्यां होणारा रस्ता तर मागच्या दोन्ही नकाशांत नसतोच.