क्लैब्य : कारणमीमांसा आणि चिकित्सा

पुरुषांच्या ज्या व्याधींविषयी समाजात मौन पाळले जाते, त्यांत क्लैब्याची गणना अग्रक्रमाने करावी लागेल. ज्वर अथवा पोटशूळ झाला असता मनुष्य विनासंकोच वैद्याकडे जातो. परंतु लिंगोत्थानात उणीव जाणवू लागली म्हणजे ती तो प्रथम पत्नीपासून आणि नंतर वैद्यापासूनही लपवितो. या लपवालपवीची किंमत केवळ दांपत्यसुखाच्या हानीत मोजून भागत नाही. ही उणीव पुष्कळदा दुसऱ्या, अधिक गंभीर व्याधीची पूर्वसूचना असते. आणि मौनापायी त्या व्याधीवर उपाय करण्याचा मोलाचा काळ हातचा निघून जातो. म्हणून या विषयाकडे लज्जा आणि कुतूहल ही दोन्ही बाजूस सारून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम संज्ञेचा विचार केला पाहिजे. ‘नपुंसकत्व’, ‘षंढत्व’ हे शब्द व्यवहारात शिवीसारखे वापरले जातात, आणि त्यांच्या अर्थातही घोटाळा आहे. कामेच्छेचा अभाव, शीघ्रपतन, वंध्यत्व आणि उत्थानातील उणीव या चारही भिन्न अवस्था त्यांत एकत्र कोंबल्या जातात. वस्तुतः उत्थानदोष असलेल्या पुरुषाचे शुक्र निर्दोष असू शकते, आणि वंध्य पुरुषाचे उत्थान संपूर्णतः प्राकृत असू शकते. हा घोटाळा टाळण्याच्या हेतूने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९२ साली भरविलेल्या तज्ज्ञ-परिषदेने जुना निंदाव्यंजक शब्द सोडून ‘उत्थानदोष’ या अर्थाची संज्ञा पुरस्कारिली. समाधानकारक समागमास पुरेसे उत्थान प्राप्त होणे किंवा ते टिकणे जेव्हा सातत्याने साधत नाही, तेव्हाच या संज्ञेचा उपयोग करावयाचा. श्रमामुळे, मद्यपानामुळे वा चिंतेमुळे क्वचित येणारे अपयश ही व्याधी नव्हे.

या विषयाचे चिंतन आपल्याकडे प्राचीन काळापासून झालेले आहे. चरकसंहितेत बीजदोष, ध्वजभंग, वार्धक्य आणि शुक्रक्षय अशी क्लैब्याची चार कारणे दिली आहेत. सुश्रुतसंहितेत त्याचे सहा प्रकार सांगितले असून त्यांत मानस क्लैब्याचा स्वतंत्र निर्देश आहे. मनाचा आणि शरीराचा वाटा वेगळा करून पाहण्याची ही दृष्टी लक्षणीय होय. आधुनिक वैद्यकात मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक रुग्णांचा दोष मनाच्याच माथी मारला जात असे. उत्थानाची शरीरक्रिया उलगडत गेली तसतसे हे मत पालटले.

ती क्रिया थोडक्यात अशी आहे. शिश्नात स्पंजासारख्या ऊतकाचे दोन दंडगोल शेजारी-शेजारी असतात व त्यांभोवती चिवट तंतुमय आवरण असते. एरवी या ऊतकातील अनैच्छिक स्नायू आकुंचित असल्याने त्यात रक्त अल्प प्रमाणात शिरते. कामोद्दीपनाचा संदेश मेंदूकडून मेरुरज्जूमार्गे मज्जातंतूंपर्यंत पोहोचला, की त्या तंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याच्या प्रभावाने पेशींत ‘सायक्लिक जीएमपी’ नावाचे द्रव्य वाढते, स्नायू शिथिल होतात, रोहिण्या रुंदावतात आणि पोकळ्या रक्ताने भरतात. फुगलेले ऊतक बाहेरच्या आवरणावर दाबले गेल्याने मधल्या नीला चेपल्या जातात; रक्ताच्या परतीची वाट रोखली जाते व ताठरता येते. पुढे एक विशिष्ट एंझाइम त्या द्रव्याचे विघटन करते आणि शिश्न पूर्वस्थितीस येते. रक्तवाहिन्यांतील नायट्रिक ऑक्साइडच्या कार्याचा शोध लावल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना १९९८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरून कारणांची मांडणी सहज लक्षात येते. मन, मज्जातंतू, हॉर्मोने, रोहिण्या व नीला या साखळीतील कोणताही दुवा निखळला तरी परिणाम एकच दिसतो. त्यांत रोहिण्यांचा दोष सर्वांत अधिक आढळतो. उच्च रक्तदाब, धूम्रपान, रक्तातील मेदाचे आधिक्य व स्थूलता यांमुळे रोहिण्यांचा अंतःस्तर बिघडतो आणि त्या अरुंद होत जातात. मधुमेह तर रोहिणी आणि मज्जातंतू या दोहोंवर एकदमच आघात करतो. म्हणून मधुमेही पुरुषांत ही तक्रार अधिक प्रमाणात आणि कमी वयात उद्भवते. मेरुरज्जूची इजा, तसेच अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया यांमुळे मज्जातंतू दुखावतात. टेस्टोस्टेरॉनची न्यूनता वा प्रोलॅक्टिनचे आधिक्य ही कारणे त्या मानाने कमी आढळतात. रक्तदाबावरील आणि विषण्णतेवरील काही औषधेही कारणीभूत होतात. मात्र अशी शंका आल्यास औषध परस्पर बंद न करता ते वैद्याकडून बदलून घेणे श्रेयस्कर.

रोहिण्यांच्या दोषातच या विषयाचे खरे गांभीर्य आहे. शिश्नाच्या रोहिणीचा व्यास सुमारे १ ते २ मिलिमीटर, तर हृदयाच्या रोहिणीचा ३ ते ४ मिलिमीटर असतो. अंतःस्तराचा विकार सर्व शरीरात एकाच वेळी चालू असला तरी लहान नळी आधी अपुरी पडते, हे उघड आहे. त्यामुळे हृदयविकाराची लक्षणे दिसण्यापूर्वी काही वर्षे उत्थानदोष प्रकट होऊ शकतो. चाळिशीतील ज्या पुरुषाला छातीत कधीही दुखले नाही, त्याच्या बाबतीत ही तक्रार म्हणजे हृदयाने आगाऊ धाडलेली नोटीस असू शकते. ती वाचली तर पुढचे संकट टाळता येते. दडविली तर टळत नाही.

ही व्याधी विरळ आहे असेही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वर्षे वयाच्या पुरुषांची जी पाहणी झाली, तीत ५२ टक्के पुरुषांत कमीअधिक प्रमाणात हा दोष आढळला. वयाबरोबर तो वाढतो हे खरे. परंतु केवळ वार्धक्याच्या नावावर तो सोडून देणे सयुक्तिक नाही.

मनाचा वाटा अर्थातच नाकारता येत नाही. एकदा आलेल्या अपयशाची धास्ती दुसऱ्या अपयशास कारण होते. कारण भयाच्या अवस्थेत जे मज्जातंतू कार्यप्रवण होतात, ते स्नायूंना आकुंचित ठेवतात. आपल्या देशात वीर्यनाशाच्या कल्पनेने यात भर घातली आहे. स्वप्नावस्था वा हस्तमैथुन यांमुळे शरीराचे सत्त्व निघून जाते, या समजुतीने खंगणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला मनोविकारतज्ज्ञ डॉ. न. ना. विग यांनी १९६० साली ‘धातू-विकार’ या अर्थाचे नाव दिले. अशा तरुणांत शरीरदोष बहुधा नसतो. असते ती भीती. मानस आणि शारीर कारण ओळखण्याची एक सोपी खूण आहे. निरोगी पुरुषास झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप उत्थान होते. पहाटेचे उत्थान कायम असून केवळ समागमसमयी अपयश येत असेल, तर कारण मानस असण्याचा संभव अधिक.

चिकित्सेचा आरंभ परीक्षणाने होतो. रुग्णाची सविस्तर हकीकत, रक्तदाब, रक्तातील साखर व मेद, आणि सकाळी घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन एवढ्यावर बहुतेकांचे निदान होते. त्यानंतर मूळ कारणाकडे वळावयाचे. इटलीतील स्थूल पुरुषांवर झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षे आहार व व्यायाम यांचे नियम पाळणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश पुरुषांचे उत्थान पूर्ववत झाल्याचे दिसून आले. मानस कारणासाठी पतिपत्नींना एकत्र घेऊन केलेले समुपदेशन उपयोगी पडते. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० साली त्याची पद्धतशीर मांडणी केली.

औषधांत सिल्डेनाफिल हे प्रमुख होय. इंग्लंडमधील सँडविच येथे फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत हृदयशूलावर उपाय म्हणून त्याची परीक्षा चालली होती. त्या कामी ते फारसे उपयोगी ठरले नाही. परंतु चाचणीतील पुरुषांत उत्थान वाढल्याचे ध्यानी आले आणि २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. वर सांगितलेल्या एंझाइमला ते अटकाव करते. म्हणजेच ते इच्छा निर्माण करीत नाही, तर झालेल्या उद्दीपनाचा परिणाम टिकविते. टाडालाफिल हे त्याच वर्गातील औषध असून त्याचा प्रभाव ३६ तासांपर्यंत राहू शकतो. हृदयशूलासाठी नायट्रेट औषधे घेणाऱ्याने मात्र ही औषधे सर्वथा वर्ज्य करावीत. दोहोंच्या संयोगाने रक्तदाब एकाएकी घसरून प्राणावर बेतू शकते. गोळ्यांचा गुण न आल्यास शिश्नात द्यावयाचे इंजेक्शन, निर्वात नळीचे उपकरण आणि अखेरीस शस्त्रक्रियेने बसविलेला कृत्रिम आधार असे मार्ग आहेत. इंजेक्शनाची परिणामकारकता ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी १९८३ साली लास व्हेगास येथील वैद्यक-परिषदेत स्वतःवरच प्रयोग करून सिद्ध केली होती. टेस्टोस्टेरॉन केवळ त्याची न्यूनता सिद्ध झालेल्यांनाच द्यावयाचे असते.

इतके उपाय उपलब्ध असताही असंख्य रुग्ण भिंतींवरील जाहिरातींच्या आहारी जातात. लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई केलेली आहे. तथापि तो धंदा थांबलेला नाही. ‘निव्वळ वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत व गोळ्यांत सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेले आढळले आहे. नायट्रेट घेणाऱ्या हृद्रोग्याला ते विषवत् ठरू शकते.

महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून कामजीवनाविषयीच्या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे दिली आणि त्यापायी न्यायालयाच्या पायऱ्याही चढल्या. त्या काळी वैद्यकाजवळ उपाय थोडे होते. आज उपाय आहेत. उणीव आहे ती रुग्णाने तोंड उघडण्याची आणि वैद्याने आपण होऊन विचारण्याची. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर हाही एक प्रश्न विचारला गेला, तर अनेक संसारांतील अबोला संपेल आणि काही हृदयविकार वेळीच ओळखले जातील.