पथ्याचे छायाचित्र आणि खिशात मावणारा कॅमेरा

शोधनानंतरच्या संसर्जन क्रमात पेया व विलेपी यांतील भेद रुग्णाच्या घरी नेमका समजणे अत्यंत आवश्यक असते. शार्ङ्गधरसंहितेनुसार पेया तांदळाच्या १४ पट पाण्यात, तर विलेपी ४ पट पाण्यात सिद्ध करावयाची असते. पेयेत द्रव अधिक व शिते थोडी, विलेपीत शिते अधिक व द्रव अल्प. वैद्यास हा भेद परिचित असला, तरी घरी स्वयंपाक करणाऱ्यास तो केवळ शब्दांनी उमगतोच असे नाही.

म्हणून आम्ही पथ्यपत्रकात छायाचित्रे छापली. ती स्टीलच्या वाटीत, फ्लॅश लावून घेतलेली होती. दोन्ही पदार्थ सारखेच पांढरे दिसत होते. परिणामी एका रुग्णास वमनानंतर पहिल्याच अन्नकाली विलेपी दिली गेली आणि रात्रभर उदरगौरव राहिले. “पत्रकात होते तसेच केले,” असे त्यांच्या पत्नीने सांगितले. दोष त्यांचा नव्हता, आमच्या चित्राचा होता. त्यानंतर आम्ही विचारपूर्वक एक छोटा कॅमेरा निवडला. त्या वेळी लक्षात आलेल्या बाबी व्यवसायबंधूंसाठी येथे देत आहोत.

मेगापिक्सेलचा मोह नको. १० × १५ सेंमी आकाराच्या उत्तम छपाईस सुमारे २ मेगापिक्सेल आणि ए-४ पानास सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात.

सेन्सरचा आकार पाहावा. सामान्य पातळ कॅमेऱ्यात १/२.३ इंची सेन्सर असतो. २०१२ साली आलेल्या सोनी आरएक्स१०० सारख्या कॅमेऱ्यातील १ इंची सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे चौपट असते. मंद प्रकाशात त्याचा लाभ होतो. परंतु खिडकीच्या उजेडात लहान सेन्सरही चांगले काम देतो; शिवाय त्यात वाटीचा पुढचा व मागचा काठ एकाच वेळी स्पष्ट येणे सुलभ होते.

जवळून घेण्याची क्षमता दुकानातच तपासावी. कॅमेऱ्यावर लिहिलेले किमान अंतर बहुधा झूम न करताचे असते. तेवढ्या जवळ गेल्यास वाटीचा आकार विकृत दिसतो व कॅमेऱ्याची सावली पडते. थोडा झूम करून किती जवळ जाता येते, हे महत्त्वाचे. आम्ही वाटीत मूठभर तांदूळ घेऊनच दुकानात गेलो होतो.

व्हाइट बॅलन्स कोऱ्या पांढऱ्या कागदावर स्वतः ठरविता आला पाहिजे. अन्यथा पिवळ्या दिव्याखाली साधी पेया हळद घातल्यासारखी दिसते. एक्स्पोजर कमी-अधिक करण्याची सोयही हवी. पांढरा पदार्थ चौकटभर असता कॅमेरा त्यास करडा करतो, तेव्हा ते १ पायरीपर्यंत वाढवावे.

मोबाइलने हे होणार नाही काय? अवश्य होते. मात्र काही मोबाइल पदार्थाचे रंग आपोआप गडद करतात. शिवाय वैद्याचा मोबाइल पाकशाळेत सहायकाच्या हाती राहू शकत नाही. जुना कॅमेरा घेतल्यास त्याची बॅटरी अद्याप मिळते का, याची खात्री करावी.

छायाचित्र घेताना फ्लॅश बंद ठेवावा. चकाकणाऱ्या स्टीलऐवजी गडद रंगाचे, चमक नसलेले भांडे वापरावे, म्हणजे शिते उठून दिसतात. वाफ ओसरू द्यावी, नाहीतर भिंग धूसर होते. पेया व विलेपी एकाच चौकटीत शेजारी-शेजारी ठेवावी आणि पळीतून ओततानाचेही एक चित्र घ्यावे. औषधनिर्मात्यांना अवलेहाचा पाक दाखविण्यासही हीच रीत उपयोगी पडेल.

छापण्यापूर्वी ते चित्र पाकशाळेबाहेरील एखाद्या व्यक्तीस दाखवावे व “यातील पातळ कोणते?” असे विचारावे. उत्तर तत्काळ आले नाही, तर चित्र पुन्हा घ्यावे. आम्ही आता तसेच करतो.