रोमन नाणी : संग्रहाची वस्तू आणि इतिहासाचे साधन

प्रस्तावना
रोमन सम्राटांच्या नाण्यांवर मुखाकृती, बिरुदे व पदे कोरलेली असल्याने त्यांचा काळ बऱ्याच अचूकपणे ठरविता येतो. म्हणूनच ती संग्राहकांना प्रिय आहेत. परंतु भारतात सापडणाऱ्या रोमन नाण्याचे खरे मोल ते कोठे व कशासोबत सापडले, यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हा मुद्दा महाराष्ट्राच्या संदर्भात स्पष्ट केला आहे.

व्यापार व नाणी
भारताकडे दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स जातात, अशी प्लिनीची तक्रार आहे. भडोच बंदरात रोमन नाणी फायद्याने बदलून मिळत, असे 'पेरिप्लस' सांगतो. पैठण व तगर (तेर) या बाजारपेठाही तो नोंदवितो. तरीही ऑगस्टस (इ.स.पू. २७ ते इ.स. १४) व टायबेरियस (इ.स. १४ ते ३७) यांच्या नाण्यांचे मोठे साठे प्रामुख्याने दक्षिणेत सापडले, महाराष्ट्रात ती तुरळक आहेत.

असे का व्हावे? जोगलटेंभी (जि. नाशिक) येथे १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची मुद्रा उमटविली होती. परकी नाणे आपल्या मुद्रेखाली आणण्याची ही वृत्ती पाहता रोमन चांदीही येथे आटविली गेली असावी, असा तर्क करता येतो.

नाण्याचा दुसरा प्रवास अलंकाराकडे झाला. तेर व कोंडापूर येथे रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. पुढे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांची आपल्याकडे 'पुतळ्यांची माळ' झाली, ती याच परंपरेशी जुळणारी होय.

संग्रह व जबाबदारी
पवनी (जि. भंडारा) येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. अशा उत्खननात वस्तूचा थर नोंदविला जातो. सराफाकडून विकत घेतलेल्या नाण्याला थर नसतो. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात, मुर्रीसारख्या गावातही, नांगरताना वा पाया खोदताना जुने नाणे मिळू शकते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे आवश्यक ठरते. शासनाने निधी घेतल्यास धातूचे मूल्य व त्यावर एक-पंचमांश रक्कम देण्याची तरतूदही त्यात आहे. ही माहिती नसल्याने भीतीपोटी नाणी आटविली जातात.

निष्कर्ष
नाणे आटले की धातू उरतो, इतिहास उरत नाही. म्हणून नाणे घासून स्वच्छ न करणे, त्याचे वजन, छायाचित्र व सापडल्याचे ठिकाण नोंदविणे, एवढे तरी महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांमार्फत गावोगावी पोहोचविणे अगत्याचे आहे.